बोटीतून उतरलेले विजेते

१ डिसेंबर १९५६. मेलबर्नचं ऑलिंपिक पार्क मैदान. ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा नेव्हिल डिसूझा त्या दिवशी ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. आपल्याकडे ही आठवण अजूनही अभिमानाने सांगितली जाते. मला मात्र पुढे कुतूहल वाटू लागलं ते हरलेल्या संघाचं. क्रिकेट, टेनिस, पोहणं यांत जगाला पाणी पाजणारा हा देश याच खेळात इतका मागे का होता? आणि नंतर तो विश्वचषकापर्यंत पोहोचला तो कोणाच्या जिवावर?

उत्तर मिळालं ते एका रुक्ष वाटणाऱ्या कागदावर. ऑस्ट्रेलियाच्या पुरुष फुटबॉलमधल्या राष्ट्रीय विजेत्यांची ती यादी होती. वरून खाली वाचत गेलं की वाटतं, ही खेळातल्या विजेत्यांची यादी नाही, बंदरावर बोटीतून उतरलेल्यांची नोंदवही आहे.

आधी एक खुलासा करायला हवा. ऑस्ट्रेलियात नुसतं ‘फुटबॉल’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे त्यांचा स्वतःचा, लंबगोल चेंडूचा खेळ येतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिथे वर्षानुवर्षं सॉकर म्हटलं गेलं. हेटाळणीने बोलायचं तर ‘वॉगबॉल’! ‘वॉग’ ही दक्षिण युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना दिलेली शिवी. म्हणजे हा ‘त्या लोकांचा’ खेळ.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून लाखो माणसं ऑस्ट्रेलियात आली. कोणी युद्धाने बेघर झालेलं, कोणी गरिबीला कंटाळलेलं. कारखान्यात आठवडाभर परक्या भाषेत मान खाली घालून काम करायचं आणि सुटीच्या दिवशी आपल्या माणसांत जायचं. ती आपली माणसं भेटत क्लबात. तिथे आपली भाषा बोलता येई, आपलं जेवण मिळे, नोकरीची खबर लागे. आणि क्लब म्हटला की फुटबॉलचा संघ आलाच. १९६२ ते १९६८ या काळात ‘ऑस्ट्रेलिया कप’ खेळला गेला. त्याच्या विजेत्यांतली ही काही नावं बघा: युगोस्लाव्हांचा युगाल, माल्टाच्या लोकांचा जॉर्ज क्रॉस, ज्यूंचा हाकोआ, हंगेरीच्या लोकांचा हंगेरिया.

देशव्यापी साखळी स्पर्धा मात्र १९७७ साली सुरू झाली. तिचं नाव नॅशनल सॉकर लीग. पहिला विजेता हाकोआच, म्हणजे सिडनीतल्या ज्यू मंडळींनी १९३९ मध्ये काढलेला क्लब. पुढे तो सिडनी सिटी झाला आणि त्याने १९८० ते १९८२ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. १९७८ मध्ये ग्रीक लोकांचा वेस्ट ॲडलेड जिंकला. १९७९ मध्ये जिंकला सिडनीच्या पश्चिम भागातल्या इटालियनांचा मार्कोनी. रेडिओवर बोलताना हे सांगायलाच हवं, की ज्या संशोधकामुळे माझा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे, त्याचंच नाव या इटालियनांनी आपल्या क्लबाला दिलं. या मार्कोनीने पुढे आणखी तीनदा बाजी मारली.

मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. १९७७ पासून १९९६ पर्यंत या लीगचे २० हंगाम झाले. त्यांपैकी इटालियन क्लबांनी ९ जिंकले, ग्रीकांच्या क्लबांनी ४, ज्यूंच्या क्लबाने ४, क्रोएशियनांच्या क्लबाने २ आणि हंगेरियनांच्या क्लबाने १. बेरीज बरोबर २०. स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या क्लबांखेरीज एकही विजेता नाही.

यांतला १९९१ चा अंतिम सामना मला फार आवडतो. मैदान तेच, नेव्हिल डिसूझाचं ऑलिंपिक पार्क. एका बाजूला ग्रीकांचा साउथ मेलबर्न, दुसऱ्या बाजूला मेलबर्न क्रोएशिया. साउथ मेलबर्नचा प्रशिक्षक होता साक्षात फेरेन्क पुश्काश, हंगेरीचा जगद्विख्यात खेळाडू. त्याला इंग्रजी जेमतेम येई. पण तो ग्रीसमध्ये प्रशिक्षक राहिलेला असल्यामुळे त्याला ग्रीक कळे. मग संघाचा कर्णधार त्याचा दुभाषा झाला. हा कर्णधार आई-वडिलांबरोबर पाच वर्षांचा असताना ग्रीसहून बोटीने आलेला. नाव अँजी पोस्टेकोग्लू. हंगेरियन गुरू, ग्रीक भाषा आणि ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय विजेतेपद! शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी साधून साउथ मेलबर्नने पेनल्टी शूटआउटमध्ये सामना जिंकला.

पण या चित्राला दुसरी बाजूही होती. जुन्या देशांतली भांडणं कधीकधी प्रेक्षकांत उतरत. वर्तमानपत्रं खेळापेक्षा मारामारीच्या बातम्या रंगवीत. पैसा अपुरा, गर्दी रोडावलेली. मग १९९० च्या दशकात संघटनेने फर्मान काढलं, की क्लबांच्या नावांतून आणि चिन्हांतून परदेश हद्दपार करा. मेलबर्न क्रोएशियाचा मेलबर्न नाइट्स झाला. कोणत्याही एका समाजाचे नसलेले संघही पुढे येऊ लागले. १९९७ मध्ये ब्रिस्बेन स्ट्रायकर्स जिंकला. २००० च्या अंतिम सामन्यात वोलोंगाँग वुल्व्ज पर्थमध्ये ०-३ असा मागे होता. तिथून त्याने ३-३ बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये विजेतेपद खेचून आणलं. त्या दिवशी ४३ हजारांवर प्रेक्षक होते. लोकांना हा खेळ नको होता, असं कसं म्हणणार?

तरीही २००३ च्या क्रॉफर्ड अहवालानंतर जुनी व्यवस्था मोडीत निघाली. एप्रिल २००४ मध्ये पर्थ ग्लोरी जिंकला आणि लीग कायमची बंद झाली. ऑगस्ट २००५ मध्ये आठ संघांची ए-लीग सुरू झाली. जुन्या विजेत्यांपैकी तिच्यात जागा मिळाली फक्त पर्थला. आणि ही नवी घडी बसवणारे कोण? फ्रँक लोवी. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले, वडिलांना आउश्वित्झमध्ये गमावलेले, १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेले आणि एकेकाळी त्याच हाकोआचे अध्यक्ष असलेले! १९८७ मध्ये त्यांनीच आपला क्लब लीगमधून काढून घेतला होता.

ए-लीग सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोच १६ नोव्हेंबर २००५ ची रात्र आली. सिडनीत उरुग्वेविरुद्ध सामना. १९७४ नंतर ऑस्ट्रेलिया विश्वचषकाला गेलाच नव्हता. निकाल पेनल्टी शूटआउटवर आला. गोलरक्षक मार्क श्वार्झरने दोन फटके अडवले. तो मार्कोनीचा. शेवटचा, निर्णायक फटका मारला जॉन अलोइसीने. तो इटालियनांच्या ॲडलेड सिटीतून पुढे आलेला. कर्णधार होता मार्क विदुका, क्रोएशियनांच्या मेलबर्न नाइट्सचा, १९९५ चा राष्ट्रीय विजेता. सारा देश रस्त्यावर येऊन नाचला. ज्या क्लबांना ‘तुम्ही पुरेसे ऑस्ट्रेलियन नाही’ म्हणून बाहेर ठेवलं, त्यांच्याच मुलांनी ऑस्ट्रेलियाला विश्वचषकाचं दार उघडून दिलं होतं.

ए-लीगने वाईट केलं असं मी म्हणणार नाही. मैदानं भरली, दूरचित्रवाणी आली. २००६ ते २०२५ या २० हंगामांत सिडनी एफसीने ५, मेलबर्न व्हिक्टरीने ४, ब्रिस्बेन रोअर आणि सेंट्रल कोस्ट मरिनर्सने प्रत्येकी ३, मेलबर्न सिटीने २ विजेतेपदं मिळवली. न्यूकॅसल, ॲडलेड युनायटेड आणि वेस्टर्न युनायटेडने एकेक. सगळी नावं शहरांची, प्रदेशांची. मालकही बदलले. ज्या बहुराष्ट्रीय समूहाने मेलबर्न सिटी घेतला, त्यानेच २०१९ मध्ये आपल्या मुंबई सिटीत मोठा हिस्सा विकत घेतला. २०२१ मध्ये हे दोन्ही संघ आपापल्या देशात विजेते ठरले.

पण नव्या यादीलाही जरा खरवडून पाहा. ब्रिस्बेन रोअरचं मूळ १९५७ मध्ये डच स्थलांतरितांनी काढलेल्या हॉलंडिया क्लबात सापडतं. त्याला २०११ आणि २०१२ मध्ये जिंकून देणारा प्रशिक्षक कोण? पुश्काशचा तोच दुभाषा, पोस्टेकोग्लू. २०२२ मध्ये वेस्टर्न युनायटेडला जिंकून देणारा प्रशिक्षक अलोइसी.

२०२५ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप’ ही दुसऱ्या फळीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि साउथ मेलबर्न, मार्कोनी, ॲपिया लायकार्ट ही जुनी नावं पुन्हा देशपातळीवर आली. एकवीस वर्षं दाराबाहेर काढल्यानंतर. क्लबाच्या दारावरची पाटी बदलता येते. पण आत बसून ज्यांनी पोरांना खेळायला शिकवलं, ती माणसं देशाचीच होती, हे मान्य करायला ऑस्ट्रेलियाला जरा उशीरच लागला.