ढगाआड पाहणारी नजर

जुलै संपत आला की वर्धेच्या काठावर मोवाडची आठवण निघतेच. ३० जुलै १९९१ ला वर्धेला महापूर आला आणि नरखेड तालुक्यातल्या मोवाडची २०४ माणसं गेली. मोर्शीतल्या आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “आभाळातल्या उपग्रहाला हे दिसलं नसेल का?”

तेव्हाचे आपले उपग्रह सूर्याच्या उजेडावर फोटो काढत. ढग दाटले की खालचं काही दिसत नसे. योगायोग असा, की पुराच्या तेराच दिवस आधी, १७ जुलैला, युरोपने ईआरएस-१ हा रडारचा उपग्रह सोडला होता. रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी टिपतं. त्यांना ढग अडवत नाहीत, अंधारही नाही. संथ पाण्यावरून त्या दुसरीकडेच निघून जातात, म्हणून पुराचं पाणी काळं दिसतं. खडबडीत बर्फावरून परत येतात, म्हणून समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर, म्हणजे हिमनग, उजळ दिसतो.

१९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगाला धडकून बुडालं. त्यानंतर हिमनगांवर आधी जहाजांतून, मग विमानांतून पाळत सुरू झाली. २०१७ च्या जुलैत अंटार्क्टिकाला ए-६८ हा हिमनग सुटला. आपल्या अमरावती जिल्ह्याच्या जवळपास निम्मा! तिकडे तेव्हा हिवाळ्याचा काळोख होता, तरी रडारला तो दिसला. २०२१ मध्ये त्याचे तुकडे होऊन विरेपर्यंत उपग्रहांनी त्याचा माग ठेवला.

भारताने २६ एप्रिल २०१२ ला स्वतः बनवलेला रिसॅट-१ सोडला. मग ३० जुलै २०२५ ला, मोवाडच्या पुराला बरोबर ३४ वर्षं झाली त्याच दिवशी, श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार गेला.

पण बायांनो, हिमनग सावकाश चालतो. वर्धा एका रात्रीत चढते, आणि निसार एका जागेवरून बारा दिवसांत साधारण दोनदाच जातो. पाणी कुठवर पसरलं, कोणत्या संत्र्याच्या बागा बुडाल्या, हे नकाशावर दाखवायला तो कामाचा. रात्री दार ठोठवायला तो येणार नाही. ते काम आपलंच.

म्हणून या बैठकीत हप्ते गोळा झाले की रजिस्टरात एक यादी करा. नदीकाठची घरं, एकट्या राहणाऱ्या आज्या, गरोदर बाया, आणि कोण कोणाला उठवणार. धरणाचं पाणी सोडल्याचा निरोप गावात कोणाकडे येतो, तेही लिहा.