निळीचा माठ

नीळ पाण्यात विरघळत नाही. मग ती सुतावर चढते कशी? उत्तर पुस्तकात वाचलेलं होतं. पाहिलं ते कोथरूडला, घराच्या गच्चीवर. माठातून काढलेली सुताची लड पिवळट हिरवी होती. हवेत धरताच डोळ्यांदेखत निळी झाली.

१८८४ च्या नगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या गॅझेटियरमध्ये ‘निराळी’ या निळीच्या रंगाऱ्यांची नोंद आहे. आपल्या देशात नीळ आंबवताना माठात चुना आणि टाकळ्याचं बी किंवा गूळ घालण्याची रीत होती. बी-गुळावर वाढणारे जीवाणू निळीचं क्षपण करतात. तिचं विरघळणारं रूप धाग्यात शिरतं आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच पुन्हा नीळ घडवतो. आकाशी हवा की गडद, हे बुड्यांच्या संख्येवर ठरतं. माठ तयार झाला की नाही, हे मात्र वास, फेस आणि पाण्याचा रंग यांवरूनच ओळखायचं.

१८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. रेणू तोच, पण पुढे भाव कमी. निळीची शेतं गेली, आणि माठ ओळखणारी नाकंही. ते ज्ञान बरंचसं कागदावर नव्हतंच.

आज स्वतंत्रपणे सूत रंगवणारे काहीजण ते पुन्हा शिकत आहेत. माझा पहिला माठ थंडीत बिघडला. डॉक्टरेट कामी आली नाही. रोज झाकण काढून वास घ्यायची सवय कामी आली. निरीक्षण शिकवताना आपण मुलांना वास घ्यायला कितीदा सांगतो?