हाली, कलदार आणि माझी खाती

आमच्या घरच्या पितळी डब्यात चारमिनारचे चित्र असलेला एक रुपया आहे. हा हाली सिक्का. निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्या नांदेडला किंवा लातूरच्या गंजगोलाईत, व्यवहार हालीत चालत. सोलापूरकडे निघायचे तर ब्रिटिशांचे कलदार रुपये सोबत घ्यावे लागत. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता संपली, पण हाली लगेच मेला नाही. सात हालीला सहा रुपये या दराने तो बदलून मिळत राहिला आणि 1959 मध्ये कायमचा बाद झाला. निजामाचे टपाल 1950 मध्ये भारतीय टपालात मिसळले, तर लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वे 1954 मध्ये सरकारने घेतली. लहान मोठ्यात मिसळण्याचा अनुभव आपल्या भागाला जुना आहे.

हे सारे आठवले ते मुलीच्या एका प्रश्नामुळे. “बाबा, एवढी खाती कशाला? निम्मी बंद करा की.”

मोजली तर सात निघाली. मालक मात्र तितके नाहीत. फेसबुकने 2012 मध्ये इन्स्टाग्राम आणि 2014 मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले. 2020 मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 43,574 कोटी रुपये घालून 9.99 टक्के वाटाही घेतला. 2022 मध्ये ट्विटरचा मालक बदलला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव गेले. फेसबुकवर रुसून व्हॉट्सॲपवर जाणे म्हणजे ओसरीवरून उठून त्याच वाड्याच्या माजघरात बसणे.

ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. (लातूरकरांना ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ आहे, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. योगायोग, दुसरे काही नाही.) ऑर्कुटवरचा आपला मजकूर उतरवून घ्यायला नंतर दोन वर्षांची मुदत होती. हालीलाही मुदत होती, पण तिथे हातातला रुपया देऊन दुसरा रुपया मिळे. इथे जे मोडीत निघते, त्याचा दर कोण ठरवणार?

माझे स्वतःचे नुकसान दुसऱ्याच एका संकेतस्थळावर झाले. कंधार भागातले एक निवृत्त गुरुजी तिथे मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहीत. जोंधळ्याच्या कणगीत लपवलेल्या पत्रकांबद्दल त्यांनी तीन-चार वेळा लिहिले. मी वाचले, दाद दिली, उतरवून मात्र घेतले नाही. स्थळ बंद होण्याची सूचना मी उघडणे सोडून दिलेल्या ईमेलवर येऊन पडली होती. मला कळले तेव्हा मजकूरही नव्हता आणि गुरुजीही नव्हते. ती कणगी कोणत्या गावची, हे मला आज सांगता येत नाही. गावाचे नाव नसलेली ही आठवण संशोधनात कुठे ठेवायची?

म्हणून यंदा खाती निवडताना मी कंपनी पाहिली नाही. जे दुसरीकडे कुठेच नाही ते कुठे अडकले आहे, एवढेच पाहिले. इन्स्टाग्रामवर माझी जास्वंदाची दोन चित्रे होती. बंद केले. ट्विटरवर माझीच भांडणे. त्यांची प्रत घेऊन तेही बंद केले. फेसबुक ठेवले, कारण भूकंपाआधीच्या गावांचे फोटो तिथल्या एका समूहात लोकांनी टाकले आहेत. आपली माहिती उतरवून घेण्याची सोय तिथे आहे, पण ती आपल्यापुरती; इतरांनी लिहिलेले त्यात येत नाही. तेव्हा एकेकाला विचारून, गाव आणि साल लिहून, मी फोटो वेगळे साठवतो आहे. तिघांनी नकार दिला. तोही त्यांचा हक्क.

व्हॉट्सॲप सोडण्याचा विचार सर्वांत जास्त केला आणि तेच सर्वांत घट्ट धरून बसलो. ज्या म्हाताऱ्या माणसांना लिहिता येत नाही, ती तिथे बोलून पाठवतात. किल्लारीजवळच्या एका आजींनी जुन्या घरातल्या खोल्या अशाच एकामागून एक सांगितल्या आहेत. बारा मिनिटांचे ते बोलणे मी वहीत उतरवतो आहे. सात मिनिटे झाली. आजी आता न्हाणीघरापर्यंत आल्या आहेत.