तरुण तारकागुच्छ

वायू व धूलिकणांच्या एकाच थंड मेघातून जवळजवळ एकाच काळात जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह. अशा मेघातील हायड्रोजन रेणुरूपात असतो आणि त्याचे तापमान १० ते २० केल्व्हिन इतके कमी असल्यामुळे त्यातील घन भाग स्वतःच्याच गुरुत्वाने आकुंचन पावून तारे बनतात. मेघाचा थोडाच हिस्सा ताऱ्यांच्या कामी येतो. उरलेला वायू तप्त ताऱ्यांचे जंबुपार प्रारण व त्यांच्यापासून निघणारे वेगवान कणप्रवाह यांमुळे काही दशलक्ष वर्षांत बाहेर लोटला जातो आणि त्याच्याबरोबर गुच्छाला बांधणारे गुरुत्वही घटत असल्याने बहुसंख्य गुच्छ बाल्यावस्थेतच विखुरतात. कृत्तिकेसारखे, सुमारे दहा कोटी वर्षांनंतरही एकत्र राहिलेले गुच्छ म्हणूनच अपवादात्मक ठरतात.

गुच्छ बांधलेला आहे की विखुरतो आहे, हे छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशपटलावरील त्याचे वार्षिक सूक्ष्म स्थानांतर, आणि अरीय वेग, म्हणजे वर्णपटरेषांच्या सरकण्यावरून कळणारा दृष्टिरेषेतील वेग, हे दोन्ही मोजावे लागतात. निजगतीला जुन्या, अचूक स्थाननोंदींचा आधार लागतो आणि या दृष्टीने चेन्नईचे (तेव्हाचे मद्रास) कार्य मोलाचे आहे. तेथील नुंगमबाक्कम भागात १७९२ मध्ये उभ्या राहिलेल्या वेधशाळेत टी. जी. टेलर यांनी घेतलेल्या वेधांवरून ११,०१५ ताऱ्यांची स्थानसूची १८४४ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच शहरातील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी अमेरिकेत असताना ताऱ्यांच्या गतिकीचे गणित पक्क्या पायावर उभे केले. गुच्छातील तारे एकमेकांजवळून जाताना ऊर्जेची देवाणघेवाण करतात व काही पुरेसा वेग मिळवून निसटतात. परंतु वेगवान ताऱ्याला भोवतालच्या ताऱ्यांच्या गुरुत्वामुळे अवरोधही होतो, असे त्यांनी १९४३ मध्ये दाखवले. हे ‘गतिकीय घर्षण’ हिशेबात न धरल्यास गुच्छांचे आयुष्य प्रत्यक्षाहून फारच कमी निघते.

युरोपच्या ‘गाया’ अवकाशयानाने २०१८ मध्ये दिलेल्या निजगतींनी प्रसरणाचा प्रश्न बराचसा सोडवला. एक ते पाच दशलक्ष वर्षे वयाच्या २८ समूहांच्या अभ्यासात किमान ७५ टक्के समूह प्रसरण पावताना आढळले व प्रसरणाचा वेग साधारणतः सेकंदाला अर्धा किलोमीटर निघाला. मृगातील तेजोमेघाचा, सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला गुच्छ मात्र तुलनेने स्थिर आहे.