पुढच्या चाकाचं लॉक : हाताचं की आपोआपचं?



जुन्या फोर व्हील गाडीच्या पुढच्या चाकाकडे नीट बघा. काही गाड्यांना मधोमध एक गोल चकती असते, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' अशा दोन खुणा. काहींना चकती नसते, नुसतं झाकण. जुनी गाडी घेताना लोक इंजिन बघतात, टायर बघतात, पण इथं कोणी वाकून बघत नाही. आणि चिखलात गाडी निघणार का रुतणार, हे बऱ्याचदा इथंच ठरतं. म्हणून आज या हबचा इतिहास लिहितो.

आधी काम समजून घेऊ. इंजिनची ताकद ट्रान्सफर केसमधून पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटली जाते. रस्त्यावर आपण लिव्हर ओढून पुढची ताकद तोडतो. पण तेवढ्यानं भागत नाही. पुढचं चाक आतल्या शाफ्टला पक्कं जोडलेलं असेल, तर आता चाकच शाफ्टला फिरवतं, शाफ्ट क्राऊनला, क्राऊन प्रोपेलर शाफ्टला. काम नसताना बैल जुंपून ठेवल्यासारखं हे आहे. तेल जास्त जातं, जॉइंट झिजतात, आवाज येतो. हब फ्री केला की चाक एकटं फिरतं आणि आतलं सगळं उभं राहतं.

आता इतिहास. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांच्या वर जीप बनल्या. त्यांना हे हब नव्हते. लढाईत तेलाचा आणि झिजेचा हिशोब कोण करतो? १९४५ ला विलीजनं शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली, पीटीओ वगैरे जोडता येईल अशी. लष्कराच्या जुन्या जीपही लोकांच्या हाती आल्या. शेतकऱ्याचं चालणं मात्र वेगळं. तासभर शेतात, आणि मग बाजाराला जायला पक्का रस्ता. पक्क्या रस्त्यावर ती पुढची ओढ नको वाटायला लागली.

१९४८ साली वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न नावाच्या माणसानं नेमका हाच धंदा सुरू केला. जीपच्या पुढच्या चाकाला बसणारे, सोडता-जोडता येणारे हब. त्यांची कंपनी पुढं विंचसाठी नावाजली, पण सुरुवात या हबपासून झाली. मग कित्येक वर्षं हातानं फिरवायचा हब हीच रीत राहिली. शेताच्या तोंडाशी थांबायचं, उतरायचं, दोन्ही चाकांच्या चकत्या फिरवायच्या आणि आत जायचं.

लोकांना उतरण्याचा कंटाळा होताच. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या पिकअप गाड्यांना कायम चारही चाकं फिरवणारी ट्रान्सफर केस येऊ लागली. हबची कटकटच संपली. पण १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि तेलाचा खर्च डोळ्यात भरला. मग लोक उलटा खर्च करून त्याच गाड्यांना पुन्हा हातानं फिरवायचे हब बसवू लागले.

१९८० च्या आसपास कारखान्यातूनच आपोआप लागणारे हब मिळू लागले. लिव्हर ओढली, गाडी थोडी पुढं गेली, की शाफ्टच्या फिरण्यानं आतला कॅम सरकतो आणि हब लागतो. सोडायला लिव्हर परत टाकून गाडी काही फूट सरळ मागे घ्यायची. पावसात उतरायला नको, ही सोय खरीच. पण रुतलेली गाडी आपण कशी काढतो? पुढं-मागं, पुढं-मागं झोके देऊन. यातल्या काही हबना दिशा बदलली की सुटायची सवय. सुटतो, पुन्हा धक्क्यानं लागतो, आणि अशा धक्क्यांनी आतले भाग तुटतात. आत जुनं घट्ट ग्रीस किंवा चिखलाचं पाणी असलं तर लागतच नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. त्यामुळे बऱ्याच मालकांनी ते काढून हाताचे बसवले.

१९८८ च्या शेवरोले पिकअपमध्ये चाकाशी हबच ठेवला नाही, जोडणी एक्सलमध्ये नेली. ती सरकवायला तापून फुगणारा तुकडा होता, म्हणजे तो तापेपर्यंत थांबा. १९९९ च्या फोर्ड सुपर ड्युटीत हवेच्या ओढीवर, व्हॅक्यूमवर लागणारे हब आले. पण त्यावर हातानं लॉक करायची चकतीही ठेवली होती! मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. सोय द्या, पण शेवटचा उपाय माणसाच्या हातात ठेवा.

आपल्याकडं महिंद्रानं मुंबईत विलीजच्याच जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना हब लॉक नव्हते, चाक पक्क्या फ्लँजला. पुढं अनेकांनी नंतर बसवून घेतले. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सारख्या असतील असं धरू नका.

घेताना एवढं बघा. पुढचं चाक जॅकवर उचला. हब फ्री करून चाक फिरवा, आतला शाफ्ट उभा राहिला पाहिजे. लॉक करून फिरवा, शाफ्ट सोबत फिरला पाहिजे. दोन्ही बाजूंना वेगवेगळं तपासा. एक हब लागला आणि एक सुटला असेल, तर डिफरन्शियल सगळं फिरणं सुटलेल्या बाजूला देतं आणि पुढची ओढ शून्य. लिव्हर फोर व्हीलमध्ये, मालक निर्धास्त, आणि गाडी मात्र मागच्या दोनच चाकांवर.

अजून एक. हब लॉक ठेवून टू व्हीलवर रस्त्यानं गेलं तर थोडं तेल जाईल, बाकी मोडत काही नाही. पण कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळणं घेऊ नका, गिअर-शाफ्ट पीळ खातात. फोर व्हील ट्रॅक्टरलाही हेच लागू, टायर नाहक झिजतात.

रोज दहा वेळा शेत-रस्ता करणाऱ्याला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला आपोआपचा हब बरा, मी नाही म्हणत नाही. पण काळ्या रानात पावसाळ्यात पेशंट घेऊन निघायची वेळ आली, तर मला हाताचा हब हवा. कारण तो लागला का नाही हे माझ्या बोटांना कळतं, आणि निघायच्या आधी कळतं. तुमच्या गाडीला कुठलाही असो, मृगाच्या आधी खोलून साफ करा, हलकं ग्रीस लावा आणि एकदा जॅकवर तपासून घ्या.