रविवारची कमाई

रविवारी पहाटे देवळाची घंटा ऐकू येते, तेव्हा आपल्यातील बहुतेकांची अशी समजूत असते की, हा दिवस आपल्या वाडवडिलांपासून असाच मोकळा होता. शेतावर राबणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तो श्रद्धेने पाळला हे खरे. परंतु मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी. तो मिळवून देणारा पुरुष ख्रिस्ती नव्हता, आणि ज्या कामगारांनी त्यासाठी सह्या केल्या, अंगठे उठवले, त्यांतील बहुतेकांनी देवळाची पायरीही कधी चढली नसेल. ही हकिगत आपल्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. आज ती सांगण्याचे कारण असे की, त्यांनी कष्टाने कमावलेला दिवस आपण फुकट घालवू लागलो आहोत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती गिरणी सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, माझगाव या भागांत धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेला शेतकरी त्यांच्या सावलीत राहू लागला. गावी त्याने कष्ट कमी उपसले होते असे नाही. पण तेथे पेरणीनंतर उसंत होती, सुगीनंतर जत्रा होती, आठवड्याचा बाजार होता. गिरणीत यांतले काहीच नव्हते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाळी चाले, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामही वाढे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ कामगारांच्या विश्रांतीविषयी त्या कायद्यात अवाक्षर नव्हते.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. त्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. काही काळ त्यांनी गिरणीत भांडारपालाची नोकरी केली होती, त्यामुळे कामगारांची दैना त्यांना ऐकून नव्हे, तर पाहून ठाऊक होती. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. अर्जातील मागण्या साध्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. सहा वर्षे हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर दीड महिन्याने गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्कामोर्तब केले.

हा इतिहास वाचताना बायबलचा अभ्यासक निर्गमाच्या पाचव्या अध्यायापाशी थांबतो. मोशे आणि अहरोन फारोकडे जातात ते काही मोठे राज्य मागायला जात नाहीत. रानात जाऊन परमेश्वराचा सण पाळण्यासाठी आम्हाला मोकळीक दे, एवढेच त्यांचे मागणे असते. फारो त्यांना आळशी ठरवतो, विटांसाठी पेंढा देणे बंद करतो आणि विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. विसावा मागणारा तो आळशी, हा आरोप इतका पुरातन आहे. म्हणूनच अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते तेव्हा तिचे कारणही सांगितले जाते. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, आणि तुझ्याबरोबर तुझ्या दासालाही विसावा मिळू दे. विश्रांती ही स्वतंत्र माणसाची खूण आहे.

लोखंड्यांच्या विजयानंतर अकरा महिन्यांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. श्रमात खर्ची पडलेली शक्ती भरून निघेल एवढी विश्रांती कामगाराला मिळालीच पाहिजे, असे त्यांनी बजावले. मात्र त्याचबरोबर त्यांनी एक इशाराही दिला. विसावा म्हणजे निव्वळ रिकामपण नव्हे, आणि पैसे उधळण्याचे निमित्त तर नव्हेच. तो उपासनेने पवित्र झालेला असावा. ख्रिस्तसभेचा हा विचार नवा नव्हता. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारी न्यायालये व कारागिरांच्या कार्यशाळा बंद ठेवण्याचा हुकूम काढला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत प्रार्थना, हातांचे काम आणि वाचन यांच्या वेळा आखून दिल्या, आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर पहुडण्याचीही मुभा ठेवली. मठवासी संन्याशालादेखील मापाबाहेर राबू द्यायचे नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

या दिवसाला हात लावून पाहणारेही झाले. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा आणला आणि विश्रांतीचा दिवस दहांतून एक केला. तो लोकांच्या अंगवळणी पडला नाही, आणि १८०६ च्या आरंभी ती दिनदर्शिका रद्द झाली. रशियातील प्रयोग अधिक बोलका आहे. १९२९ साली तेथे पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. यंत्रे अखंड चालावीत म्हणून कामगारांचे पाच गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटाची सुट्टी वेगवेगळ्या दिवशी ठेवण्यात आली. हिशेबाने पाहिले तर सुट्ट्या वाढल्या होत्या, परंतु नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या आणि मुलांची तिसऱ्या दिवशी, अशी घरांची गत झाली. जेवायला सारे एकत्र बसतील असा दिवसच उरला नाही. अखेर १९४० साली सरकारला रविवार परत आणावा लागला. सर्वांनी मिळून घेतलेला विसावा हाच खरा विसावा, हे त्या सत्तेला अकरा वर्षांनी उमगले.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्यावर कोणताही फारो बसलेला नाही, तरीही कित्येक घरांत रशियाचा तोच प्रयोग चालू आहे. वडिलांची सुट्टी मंगळवारी, आईची शनिवारी, मुलांच्या शिकवण्या रविवारी. ज्यांना रविवारी सुट्टी आहे त्यांच्या खिशातील मोबाइल मिस्सा चालू असतानाही कामावर बोलावतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले की, आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे पस्तीस टक्क्यांनी अधिक असतो. शरीर असा हिशेब मांडते. मनाचा आणि घराचा हिशेब निराळाच.

येथे मला स्वतःचीही कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, “फादर, तुमचा सुट्टीचा वार कोणता?” मला उत्तर देता आले नाही. विसाव्यावर प्रवचन देणारा मी, विसावा न घेण्यातच धन्यता मानत होतो. माझ्यावाचून धर्मग्रामाचे अडेल, हा त्यामागचा अहंकार होता. सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी देव थांबला. मी मात्र थांबायला तयार नव्हतो.

ज्यांना रुग्णालयात, रेल्वेत, पोलिसांत रविवारी सेवा बजावावीच लागते, त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या कुटुंबांनी दुसरा एखादा दिवस ठरवून सर्वांसाठी राखून ठेवावा. इतरांनी एवढेच करावे. रविवारी मिस्सा एकत्र ऐकावी, दुपारचे जेवण एका पंगतीत घ्यावे, तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवावा, आणि संध्याकाळी एखाद्या आजाऱ्याच्या किंवा एकट्या पडलेल्या वृद्धाच्या घरी जाऊन यावे. आणि हो, घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आहे की नाही, हेही पाहावे. अनुवादाच्या पुस्तकातील ती आज्ञा आपल्या स्वयंपाकघरातही लागू आहे.

१८९७ साली मुंबईत प्लेगची साथ असताना नारायण मेघाजी लोखंडे तिला बळी पडले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. त्यांनी मिळवून दिलेला रविवार मात्र अजून आपल्या हाती आहे. येत्या रविवारी घंटा ऐकू आली की, ज्यांनी त्या दिवसासाठी अंगठे उठवले त्या साडेपाच हजारांसाठी एक प्रार्थना अवश्य करावी.