ब्रेंडा बर्कमन : अग्निशमन दलातील महिलांचा लढा

न्यूयॉर्क अग्निशमन दलाची भरती परीक्षा महिलांसाठी 1977 मध्ये प्रथमच खुली झाली. मात्र शारीरिक चाचणीत एकही महिला उत्तीर्ण झाली नाही. कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या ब्रेंडा बर्कमन यांनी शहर प्रशासनाविरुद्ध दावा दाखल केला. चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध सिद्ध होत नाही, असा निकाल 1982 मध्ये लागला. नव्या चाचणीनंतर सुमारे 40 महिला दलात दाखल झाल्या. खरी परीक्षा त्यापुढेच होती. सहकाऱ्यांचा बहिष्कार व छळ त्यांना सोसावा लागला. परिवीक्षा काळाअखेर, 1983 मध्ये, बर्कमन यांना बडतर्फही करण्यात आले. न्यायालयाच्या आदेशानेच त्या परतल्या. वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील हल्ल्यानंतर, 11 सप्टेंबर 2001 रोजी, त्या घटनास्थळी कार्यरत होत्या. कॅप्टन पदावरून 2006 मध्ये त्या निवृत्त झाल्या.